कॅसेटमध्ये नसलेली बाई

१

पेडगावच्या आश्रुबाची बायको चोरीला गेली, आणि तक्रार घेऊन तो पोलिसांत न जाता सुमनबाईंकडे आला. त्यालाही कारण होतं. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, आणि मेलेलं माणूस चोरीला गेलं म्हणणाऱ्याच्या तोंडाचा पोलीस आधी वास घेतात.

सुमनबाई म्हणजे 'दुधनाकाठ' या परभणीच्या साप्ताहिकाच्या संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि वेळ पडलीच तर झाडूवाल्यासुद्धा. साप्ताहिक दिनकररावांनी, त्यांच्या यजमानांनी काढलेलं. ते गेले तेव्हा छापखाना आता भंगारात जाणार असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईंनी गावाला खोटं पाडलं. कुणाचं काही हरवलं, कुणी कुणाला फसवलं, की लोक त्यांची पायरी चढत, कारण त्या सगळं ऐकून घेत आणि मग नाक खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या दिवशी नामांतराच्या मोर्चाची बातमी पहिल्या पानावर बसवण्यात त्या गुंतल्या होत्या. आश्रुबा दारातच चप्पल काढून उभा राहिला.

"बाई, तुमच्या पेपरात छापलंय तसं त्या क्यासेटीत न्हाई. माजी बायको काडून घेतलीय कुनीतरी."

"आत या, आश्रुबा. बसा. काय छापलंय आमच्या पेपरात?"

छापलं होतं ते असं. 'परतीची पैंजणं' नावाचा एक जुना मराठी सिनेमा. नवऱ्याच्या शोधात घराबाहेर पडलेल्या सुनेची गोष्ट. पुण्या-मुंबईत तो आठवड्यात उतरला आणि लोक त्याचं नावही विसरले. आपल्या जिल्ह्यात मात्र तो जत्राजत्रांतून, तंबूच्या टॉकीजमध्ये वर्षानुवर्षं चालला. बाया त्यातले संवाद जात्यावर म्हणत. आता मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं त्याची व्हिडिओ कॅसेट काढली होती, आणि 'दुधनाकाठ'मधल्या 'घरातला पडदा' या सदरात आप्पाराव मास्तरांनी तिचं भरभरून परीक्षण केलं होतं. त्यातलं एक वाक्य आश्रुबाला गावातल्या गुरुजींनी वाचून दाखवलं होतं, आणि ते त्याला पाठ होतं. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची रांग आणि त्यातली एक मागे वळून हसते ते दृश्य कॅसेटवर इतकं स्वच्छ उतरलं आहे, की तिच्या कपाळावरचा घामही दिसतो.

"ती वळून हसती ना," आश्रुबा म्हणाला, "ती माजी बायना हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. मोठ्या दुष्काळात नवराबायको दोघं सरकारी कामावर होते. एक दिवस जीप आली, डोळ्याला डबा लावलेला माणूस उतरला आणि बायांकडे डबा फिरवून निघून गेला. दुष्काळ सरल्यावर पुढच्या हंगामात दोघं ऊसतोडीला गेले, तिथं फडात बायनाबाईला ताप चढला आणि ती परत आलीच नाही. त्यानंतर पोखर्णीच्या जत्रेत तंबूमध्ये हा सिनेमा लागला.

"पडद्यावर बाया आल्या, आन पेडगावचे सगळे वरडले, आश्रुबा, तुजी बायकू! तंबू हलला म्हना की. गानं काय ग्वाड लागायचं तवा, लेकराला निजवायचं गानं. जत्रा उठंस्तोवर मी रोज जायचो. तेवढ्यासाठीच जायचो."

"आणि फोटो?"

"एकबी न्हाई. कुनी काडावा?" तो पुढे सरकला. "बाई, आता तिचा चेहरा येईना गेलाय. डोळे मिटले की लुगडं दिसतंय, हात दिसत्यात, पाटी दिसती. त्वांड दिसंना. दिवाळी झाली की आमची टोळी कारखान्यावर जायलीय. त्याच्या आदी एकडाव बघू द्या. मग काय मागनं न्हाई."

सिताराम व्हिडिओवाल्याकडे बसून त्यानं अख्खी कॅसेट पाहिली होती. पाट्यावाल्या बाया त्यात नव्हत्याच. त्या जागी मधेच कुठलीशी नदी आणि होडी आली होती.

सुमनबाईंनी हातातले छपाईचे खिळे पेटीत ठेवले. ती हसणारी बाई त्यांनाही लख्ख आठवत होती. पोखर्णीच्याच तंबूत, दिनकररावांच्या शेजारी बसून त्यांनी ती पाहिली होती.

२

बसस्टँडसमोर सितारामचं दुकान. एरवी तिथं पोरांची झुंबड असायची. त्या दिवशी सिताराम एकटा बसून माशा मारत होता. आश्रुबानं दुकानात केलेला आरडाओरडा गावभर झाला होता, आणि सिताराम सिनेमे कापून विकतो ही गोष्ट एकाची दोन, दोनाची चार होत मोंढ्याच्या बाजारापर्यंत पोचली होती.

"वहिनी, तुमच्याच पेपरानं मला मारलं," तो म्हणाला. "मी काय कसूर केला? मुंबईहून आली तशी कॅसेट लावली."

"दाखव."

त्यानं लावली. सुमनबाईंनी ती जागा नीट पाहिली. नायिका घरातून बाहेर पडते, नदीवर येते, होडीवाल्याला नवऱ्याबद्दल विचारते, होडीवाला मान हलवतो. पाट्या नाहीत, बाया नाहीत, अंगाईही नाही.

"यात अंगाई आहे का रे कुठे?"

"बिल्कुल नाही. गाणी सगळी मला पाठ आहेत." त्यानं कॅसेटचं कव्हर पुढे केलं. "हे बघा, छापलंय सगळं. चौसष्ट सालचा कौटुंबिक चित्रपट, गाणी सहा."

बाईंनी कव्हर वाचलं आणि बाजूला ठेवलं. खरं तर शहाण्या माणसानं तिथंच थांबून दोन मिनिटं विचार करायला हवा होता, पण बाईंचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं.

"कॅसेट बाहेर काढ, आणि झाकण उघडून टेप फिरव."

सितारामचा चेहरा उतरला. त्यानं नाइलाजानं टेप पेन्सिलीनं फिरवायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात एक जोड दिसला. टेप कापून चिकटपट्टीनं जोडलेली होती.

"सिताराम, हे काय आहे?"

"आईची शपथ वहिनी, तसं नाही ते! एका गिऱ्हाइकाच्या मशीननं चावली. चुरगळलेला तुकडा काढला. पण तो सुरुवातीचा आहे, नावं येतात तिथला. होडीजवळ जोड सापडला तर दुकान तुमच्या नावावर करतो."

बाईंनी त्याला बाकीची टेपही फिरवायला लावली, शेवटपर्यंत. होडीच्या आगेमागे टेप अखंड होती. म्हणजे कापणारा हात सितारामचा नव्हता. मात्र तो त्या कापाकापीला इतका घाबरला होता, की चावलेल्या टेपेबद्दल तोंड उघडण्यापेक्षा गावाच्या शिव्या खाणं त्याला परवडलं होतं.

"मास्तरांना कॅसेट तूच दिलीस?"

"कॅसेट, व्हीसीआर, रंगीत टीव्ही, सगळं घरी नेऊन दिलं. एका रविवारपुरतं. भाडं घेतलं नाही. वर जिलबी दिली. मास्तर म्हणजे आपलेच." एवढं बोलून तो चिडला. "पण माणसाला थोडी तरी रीत हवी ना! कॅसेट परत दिली ती उलटी फिरवूनसुद्धा दिली नाही. अर्धी टेप या चकतीवर, अर्धी त्या चकतीवर. आणि मी ती तशीच दुसऱ्याला दिली म्हणून मला बोलणी."

जिलबीचं ऐकून सुमनबाईंच्या कपाळावर आठी पडली. 'दुधनाकाठ'मध्ये सितारामची जाहिरात दर आठवड्याला असे, आणि त्याच पानावर मास्तरांचं सदर. पंक्तीला बसून वाढप्याला नावं कोण ठेवणार? हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं तेव्हा त्यांनी ते मागे ढकललं होतं.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांना दुसरीच गोष्ट टोचू लागली. सिनेमा शेवटपर्यंत पाहिला असता तर सगळी टेप एका चकतीवर गेली असती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे कशी राहिली?

३

आप्पाराव मास्तर हे सज्जन गृहस्थ. वर्गात पोरांना कधी छडी मारली नसेल, पण सिनेमाला कुणी नावं ठेवली तर अंगावर धावून जात. सुमनबाईंना त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून दिली.

"ताई, तुम्ही माझ्यावर अविश्वास दाखवताय," ते म्हणाले. "ते दृश्य मी या दोन डोळ्यांनी पाहिलं. मी एकटा नाही, अख्खी गल्ली होती इथं. विचारा ना!"

बाईंनी खरंच विचारलं. शेजारचे पेन्शनर म्हणाले, पाहिलं, का नाही? पलीकडची सून म्हणाली, अगं बाई, त्या हसणाऱ्या बाईसाठी तर मी कणीक तशीच टाकून आले. गिरणीवाला म्हणाला, हमने देखा, साफ देखा. एकाचाही शब्द अडखळला नाही. एवढी माणसं ठरवून खोटं बोलत असतील असं म्हणावं, तर ती सगळी जिलबीत विकली गेली असणं शक्य नव्हतं. जिलबी पावशेरच होती.

बाई पुन्हा मास्तरांच्या घरात आल्या. मास्तरांची बायको कोकिळा चहा घेऊन आली. ती माहेरची नांदेडची, बोलायला मोकळी.

"त्या दिवशी फार गर्दी झाली असेल तुझ्याकडे."

"काय सांगू अक्का! उजेड यायला नको म्हणून खिडक्यांना वाकळा लावल्या. आत नुसती माणसं. चहा द्यायला निघाले तर कुणाच्या पायावर पाय, कुणाच्या हातावर. शेवटी कंदील लावला."

"कंदील कशाला? टीव्हीचा उजेड होता ना?"

कोकिळा काही बोलायच्या आतच मास्तर खोकले. खोकला साधा नव्हता.

"मास्तर," सुमनबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "लाईट कधी गेली?"

मास्तरांनी बशीत चहा ओतला.

"नायिका घराबाहेर पडली आणि लाईट गेली," कोकिळाच म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत आली नाही. तोवर सिताराम हातगाडी घेऊन सामान न्यायला आला."

"मग पुढचा सिनेमा तुम्ही पाहिला कुठे?"

मास्तरांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी उघडी पडल्याचा भाव नव्हता. आपण कुठे तरी चुकून शिरलो आणि आता दार सापडत नाही, असा तो भाव होता.

"ताई, कुणी उठलंच नाही हो. अंधारात बसून राहिले सगळे. मग पेन्शनर काका म्हणाले, आता ती बायांच्या रांगेजवळ येते. गिरणीवाल्यानं पुढचं सांगितलं. बायांनी संवाद म्हटले, कुणी ती अंगाई म्हटली, कुणी रडलं. शेवटपर्यंत झाला सिनेमा. एवढा रंगला, की... दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तेव्हा ते टीव्हीवर पाहिलं का अंधारात, हे मला वेगळं काढता आलं नाही. खरं सांगतो, अजूनही येत नाही."

सुमनबाईंना राग यायला हवा होता. आलाही.

"मास्तर, परीक्षण म्हणजे साक्ष असते. आठवतं ते आठवतं म्हणून लिहा, हवं तर पानभर लिहा, मी छापीन. पण कॅसेटवर घाम दिसतो म्हणालात ना, त्या घामाच्या भरवशावर एक माणूस पेडगावाहून आला. त्याला काय सांगू मी?"

मास्तरांचे डोळे भरून आले. बाई उठल्या. एक कोडं सुटलं होतं आणि त्याच्या पोटातून दुसरं निघालं होतं. मास्तर चुकले, सिताराम सुटला. पण अंधारात बसलेल्या गल्लीला जर ती बाई आठवत होती, तर ती कधी तरी, कुठे तरी पडद्यावर असलीच पाहिजे. मग गेली कुठे?

दाराशी कोकिळानं त्यांना थांबवलं.

"अक्का, एक सांगू का? हसू नका. त्या दिवशी सगळे बाया बाया म्हणत होते, तेव्हा मी म्हटलं होतं, अहो, तिथं होडी येते. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं."

सुमनबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तू हा सिनेमा कुठे पाहिलास?"

"माहेरी. नांदेडच्या टॉकीजमध्ये."

४

घरी येऊन सुमनबाई स्वयंपाकघरात विळी घेऊन बसल्या. विचार करायचा झाला की त्यांना हाताला काम लागे. भाजी चिरता चिरता त्या मनाशी जुळवू लागल्या.

आश्रुबानं बाई पाहिली ती पोखर्णीच्या तंबूत. आपण पाहिली ती तिथंच. पेन्शनर काका, गिरणीवाला, पलीकडची सून, सगळे जत्रेचे प्रेक्षक. पक्क्या टॉकीजमध्ये बसलेली एकटी कोकिळा, आणि तिला होडी आठवते. कॅसेटमध्ये एक दृश्य नाही आणि एक जास्तीचं आहे असं सगळे म्हणतात, आणि दोन्हींची जागा एकच. म्हणजे काढलं कुणीच नाही. जे मुळात होतं ते होडीचं. तंबूत होडीच्या जागी बाया बसवल्या होत्या.

मग सितारामनं पुढे केलेलं ते कव्हर त्यांना आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चौसष्ट सालचा चित्रपट! आश्रुबा ज्या दुष्काळाचं सांगत होता तो बहात्तरचा. जो दुष्काळ अजून पडलाच नव्हता, त्याच्या कामावरच्या बाया सिनेमात शिरतील कशा? ती जीप सिनेमावाल्यांची नव्हतीच. सिनेमाआधी सक्तीनं दाखवायच्या सरकारी माहितीपटासाठी कुणी तरी आलं असणार. आणि सिनेमात नसलेली अंगाई कानात घुमते, म्हणजे कुणी तरी बाहेरून तबकडी वाजवत होतं.

तंबू एकाच माणसाचा होता. पाथरीच्या बन्सीधरचा.

बाईंची विळी थांबली. त्यांना एकदम रडू आलं, आणि ते रहस्य सुटल्याचं रडू नव्हतं. त्या तंबूत ती बाई हसली होती तेव्हा दिनकरराव त्यांच्याकडे वळून म्हणाले होते, "बघ, तू चिडत नसतेस तेव्हा अशी दिसतेस." आजवर त्यांनी ते जपून ठेवलं होतं. त्या सिनेमात ती बाई नव्हतीच म्हटल्यावर आपल्या संसारातलं कुणी काही काढून नेतंय असं त्यांना वाटलं. मास्तरांवर आपण उगाच एवढ्या तडकलो, हेही वाटून गेलं.

सकाळी त्यांनी पाथरीची एसटी पकडली.

५

व्हिडिओ आला आणि तंबूची टॉकीज बसली. बन्सीधर आता लग्नाचे मांडव घालत असे. तंबूचंच कापड, तेच बांबू. अंगणात दोऱ्या गुंडाळत बसलेला तो थोराड माणूस सुमनबाईंना पाहून उठला.

"या वहिनी. दिनकरराव गेल्यावर यायलाच झालं न्हाई मला. माफ करा."

बाईंनी पाणी घेतलं, चौकशा झाल्या, आणि मग त्यांनी 'परतीची पैंजणं'चं नाव काढलं. बन्सीधरचा हात दोरीवर थबकला.

"त्याचं काय? डब्बे कवाच वापस केले मुंबईला. मला कायबी ठावं न्हाई."

"तुम्हाला काय ठाऊक आहे ते मी अजून विचारलंच नाही, बन्सीधर."

तो दोरी गुंडाळत राहिला.

"अंगाईची तबकडी कुणाची होती?"

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. दारात बन्सीधरची बायको धुरपदाबाई येऊन उभी राहिली होती.

"माजी होती," ती म्हणाली. "सांगून टाका की वो आता. किती साल दडवायचं?"

मग बन्सीधरनं सांगितलं. एका जत्रेत मशीनमध्ये फिल्म अडकली आणि होडीचा तुकडा जळून गेला. नायिका घरातून निघायची आणि एकदम दुसऱ्याच गावात उगवायची. लोक बोंबा मारायचे. सिनेमाआधी जो सरकारी माहितीपट लावायचा, तो सुरू झाला की लोक बिड्या ओढायला बाहेर पडत. पण त्यातल्या पाट्यावाल्या बाया आल्या की पाऊल थांबायचं.

"म्या ईचार केला, हेच जोडावं मधी. बाई नवऱ्याला हुडकायलीय, कामावरच्या बायांत हुडकंल, त्यात काय वावगं? निवेदनवाल्याचा आवाज बंद करायचा आन हिची तबकडी लावायची. वहिनी, पयल्या दिशी तंबूत असं चिडीचूप झालं, की मलाच भ्या वाटलं. मग कुन्या गावाला गेलं तरी लोक म्हनायचे, ही आमच्या गावची. मानवतला म्हनले, सेलूला म्हनले, पेडगावला म्हनले."

"आणि लपवलंत का?"

"सरकारचा माल कापला ना म्या! गुन्हाच हाय तो. वापस देताना डब्यात दुसराच भंगार तुकडा घालून दिला. हा ठिवला." धुरपदाबाईनं आतून आणलेली पत्र्याची डबी त्यानं बाईंच्या हातात दिली. आत फिल्मची एक गुंडाळी होती. आंबूस वास येत होता, कडा आकसल्या होत्या. "आता कुठल्याबी मशीनवर चालायची न्हाई ही."

"हे चित्रण पेडगावच्या कामावर झालं होतं का, तुम्हाला माहीत आहे?"

बन्सीधरनं मान हलवली. "वहिनी, नावाचा तुकडा मीच कापून फेकला. त्यात जिल्ह्याचं नाव होतं. आता आठवंना. पन आपल्या जिल्ह्याचं नव्हतं, एवढं पक्कं हाय."

परतीच्या एसटीत सुमनबाईंनी डबी मांडीवर घट्ट धरली होती. ही बाई बायना नसणार. असेल तरी कशी? मग सांगावं का आश्रुबाला? त्यानं ती आपली म्हणून एवढी वर्षं मनात धरली. न बोलता त्याला नुसतं दाखवलं, तर तो म्हणेल हीच, आणि सुखानं टोळीबरोबर जाईल. कुणाचं काय बिघडलं? पण मग आप्पाराव मास्तरांना कुठल्या तोंडानं बोललो आपण? गाव आलं तरी त्यांचा निर्णय होईना.

६

स्टेशनरोडच्या फोटो स्टुडिओत फोटो मोठे करायचं यंत्र होतं. त्याच्या दिव्याखाली फिल्म धरली की खालच्या पांढऱ्या कागदावर चित्र पडे, आणि हवा तेवढा वेळ तिथं स्थिर राही. सुमनबाईंनी आश्रुबाला निरोप धाडला. तो आला तो डोक्याला नवा पटका बांधून, दाढी करून.

अंधाऱ्या खोलीच्या दाराशी त्या थांबल्या. आता नाही बोललो तर पुन्हा बोलायचं नाही, हे त्यांना कळत होतं.

"आश्रुबा, एक ऐका. हा तुकडा सिनेमातला नाही. दुष्काळातला आहे, पण बन्सीधर म्हणतात आपल्या जिल्ह्यातला नाही. मला जे कळलं ते तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही बघा आणि तुम्हाला काय दिसतं ते ठरवा."

आश्रुबानं पटका सारखा केला. मग म्हणाला, "दाखवा तर."

स्टुडिओवाल्यानं दिवा लावला. कागदावर ताटाएवढा चेहरा उमटला. डोक्यावर पाटी, मागे वळलेली मान, हसरं तोंड. तंबूतल्या हलत्या पडद्यावर ती क्षणभर यायची आणि जायची. आता ती हलत नव्हती.

आश्रुबा कागदावर वाकला. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यानं कागदावरून बोट फिरवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ही बायना न्हाई."

सुमनबाईंनी डोळे मिटले. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, म्हणा ना हो आहे म्हणून, कोण तुम्हाला विचारणार आहे.

"फिल्म तापेल," स्टुडिओवाला हळूच म्हणाला. "बंद करतो. प्रिंट काढू का हिची? का राहू दे?"

"काडा की. हीबी कुनाची तरी असंल. कुनीतरी हुडकीत असंल हिला."

यंत्राचा दिवा विझला आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

"बायनाचं कपाळ हिच्यापरीस लहान," अंधारातून आश्रुबाचा आवाज आला. तो कुणाला सांगत होता असं नाही. "आन हिचं नाक बसकं हाय. बायनाचं नाक धारेचं, चमकीला भोक होतं पन चमकी कवाच न्हवती. हिनं खुशाल दात दावले. बायना हसायची न्हाई अशी. आदी डोळे बारीक करायची, मग पदर तोंडात धरायची, मग हसायची. डाव्या भुवईत खाच होती, ल्हानपनी इळा लागलेला. हनुवटीवर तीन गोंदनं. एक फिकं पडलेलं..."

तो बोलतच राहिला. सुमनबाईंना हुंदका आवरेना. तोंडावर पदर दाबून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. स्टुडिओवाल्यानं चाचपडत भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा," आश्रुबा म्हणाला. "दिवा लावू नका यवड्यात. दिसायलीय ती."